उन्हाळ्यातलं नावडतं पुस्तक

तुझं आवडतं पुस्तक कोणतं, असं मुलांना सगळे विचारतात. नावडतं कोणतं, हे कुणी विचारत नाही. मला हा दुसरा प्रश्न पहिल्याहून मोलाचा वाटतो, आणि त्याला माझा मुलूख कारण आहे. बीदर जिल्ह्यात मराठी वाचत वाढणाऱ्या मुलाला पुस्तक नावडणं परवडत नसे. हाती आलं ते वाचायचं, शेवटपर्यंत वाचायचं, आणि संपलं की पुन्हा पहिल्या पानावर यायचं. कारण पुढचं पुस्तक कधी येईल याची खात्री नसायची. नावड ही भरल्या घरची गोष्ट आहे. एक पुस्तक बाजूला सारायचं तर शेजारी दुसरं असावं लागतं.

उन्हाळा मात्र वाचनाला फार सोयीचा. बीदर पठारावर वसलेलं, लाल जांभ्या दगडाचं गाव. तिथली हवा खालच्या मुलखापेक्षा थोडी बरी म्हणतात, तरी एप्रिल-मेच्या दुपारी मोठी माणसं आम्हाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. मग शहाबादी फरशीवर पाणी शिंपडायचं, ती पुसून घ्यायची, आणि तिच्यावर पालथं पडून पुस्तक पुढ्यात उघडायचं. शहाबाद आमच्याच बाजूचं, कलबुर्गी जिल्ह्यातलं, त्यामुळे साध्यासुध्या घरातही ती फरशी असे. रात्री माळवदावर अंथरुणं पडत. तिथे दिवा नसे. म्हणून दिवसा ज्यानं जे वाचलं ते त्यानं बाकीच्यांना सांगायचं, असा रिवाज आपोआप पडला होता. आवडीनावडीचा निवाडा खरा तिथे व्हायचा. काही गोष्टी ‘अजून एकदा सांग’ म्हणून रोज मागितल्या जात. काही पुस्तकं अशी होती, की त्यांच्यातलं काही सांग असं कुणी कधी म्हटलंच नाही.

ही पुस्तकं यायची उदगीरहून, मामाकडून. उदगीर, कमालनगर, भालकी, बीदर अशी गाडी येते, अंतर फारसं नाही. पण मधून राज्याची सीमा जाते. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत उदगीर आणि भालकी एकाच बीदर जिल्ह्यातले तालुके होते. दुसऱ्या दिवशी भाषावार राज्यरचना अमलात आली. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात. सोयरिकी मात्र जुन्या जिल्ह्याच्याच राहिल्या. मामाचा गाव एका राज्यात आणि आपली शाळा दुसऱ्या राज्यात, असं आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांचं झालं.

याचा पुस्तकांशी थेट संबंध होता. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाची सोय झाली, आणि उदगीरच्या मामेभावंडांना मराठी पुस्तकं घरी न्यायला मिळत. आमच्याकडे कर्नाटकाचा १९६५ चा ग्रंथालय कायदा. वाचनालय होतं, कन्नड आणि उर्दू पुस्तकांची कपाटं होती, मराठीची रांग तोकडी होती आणि तिच्यात मुलांचं असं फारच थोडं. शिवाय सुट्ट्यांचा मेळ नव्हता. आमचा निकाल एप्रिलच्या दहा तारखेच्या सुमाराला लागे आणि जून लागता लागता शाळा उघडे. उदगीरची शाळा जूनच्या मध्यावर. त्यांची सुट्टी उरलेली असताना आमची संपायची, आणि आणलेली पुस्तकं मामाच्या पिशवीतून परत जायची.

त्या पिशवीतला माझा सगळ्यात आवडता गडी म्हणजे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, किडकिडीत, सायकलवर स्वार, आणि काही सुचलं की तोंडातून ‘ट्टॉक्’ काढणारा. भागवतांनी १९५१ साली ‘बालमित्र’ नावाचं मासिक सुरू केलं होतं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता. मुलांना काय लागतं ते त्यांना आतून कळलेलं होतं. फेणे कुणाचं ऐकून शहाणा होत नाही. तो धावतो, पडतो, अडकतो आणि डोकं चालवून सुटतो. पुण्यात भानगड, काश्मिरात भानगड. मग आमच्याकडे का नको? बीदरच्या किल्ल्याभोवती खडकात खोदलेला तिहेरी खंदक आहे, आत रंगीन महाल आहे, सोळा खांबांची मशीद आहे. नौबादेला जमिनीखालून पाणी वाहून आणणारी जुनी करेज आहे. एवढं सगळं असताना फेणे बीदरला कसा आला नाही, याचं मला नवल वाटायचं. मग मीच त्याला आणला. माळवदावर मी सांगितलेल्या काही गोष्टी भागवतांनी लिहिलेल्याच नव्हत्या. चोर खंदकात लपलेला, फेणे करेजीतून शिरून महालाखाली निघालेला. भावंडं ऐकायची आणि सकाळी किल्ल्यावर जाऊन ती जागा दाखव म्हणायची.

आवडत्या पुस्तकाची माझी परीक्षा तेव्हापासून हीच आहे. ते मिटल्यावर मुलाला उठून काहीतरी करावंसं वाटलं पाहिजे. काय करावं, हे मात्र पुस्तकानं सांगितलेलं नसावं.

‘चांदोबा’चं प्रकरण निराळं. तो मामाकडून यायचा नाही, गावातच मिळायचा. मद्रासहून नागिरेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये ‘चंदामामा’ तेलुगू आणि तमिळमध्ये काढला. पुढे तो कन्नडात आला आणि १९५२ मध्ये मराठीत ‘चांदोबा’ नावानं. आमच्या घरी मराठी अंक, भिंतीपलीकडच्या घरी कन्नड. चित्रं तीच. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, आणि स्मशानातून निघालेला राजा विक्रम; शंकर या चित्रकारानं काढलेलं ते चित्र दोन्ही अंकांत सारखंच. मी आणि शेजारचा मित्र दोन अंक फरशीवर शेजारी शेजारी मांडायचो. तो त्याची ओळ वाचायचा, मी माझी. राजाच्या चित्राखाली ‘राजा’ कुठे लिहिलंय ते शोधायचं, वेताळ कुठे ते शोधायचं, मग क्रियापद कुठे बसलंय ते. शाळेत कन्नड सक्तीचं होतं आणि तिथे ते मला जड जायचं. चांदोबानं ते हलकं केलं. मित्रानं देवनागरी माझ्याआधी आत्मसात केली, हेही सांगायला हवं. हिंदीमुळे त्याला अक्षरं ओळखीची होती आणि मराठी तर रस्त्यावर ऐकू यायचीच.

सीमाभागात भाषेवरून पुष्कळ बोललं गेलं आहे, अजूनही बोललं जातं. माझ्यापुरतं सांगतो. कन्नड पुस्तकं कपाटात होती म्हणून माझं काही गेलं नाही. मराठी पुरेशी नव्हती म्हणून गेलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या एक करू नयेत. आमच्या भागात निजामाच्या काळात कन्नड मुलांचीही हीच दशा होती. भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवलं, असं आजही अभिमानानं सांगितलं जातं. स्वतःच्या भाषेतलं पुस्तक मुलाच्या हातात पोचवण्यासाठी माणसाला काय करावं लागतं, हे ज्या गावानं पाहिलंय, त्या गावात मराठी मुलाची भूक समजावून सांगावी लागू नये.

आता नावडत्याकडे येतो. आमच्या घरात ‘श्यामची आई’ची एकच प्रत होती आणि तिच्यावरून माझं आणि अक्काचं जमत नसे. अक्काचं ते सर्वांत आवडतं पुस्तक. माझं नव्हतं. सानेगुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या काही दिवसांत लिहून काढलं. प्रकरणांना त्यांनी ‘रात्री’ म्हटलंय, आणि ऐकणारे रोज रात्री श्यामभोवती बसतात. ही रचना मला माझ्या माळवदासारखी वाटायला हवी होती. वाटली नाही. प्रत्येक रात्री मला रडायला बोलावल्यासारखं वाटायचं. श्याम चुकणार, आई समजावणार, श्यामच्या डोळ्यांत पाणी येणार. हे आधीच ठाऊक असताना पान उलटायला बोट तयार होत नसे. आणि कोकण! नारळ, समुद्र, खाडी, पावसाच्या सरी. आमच्या मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायचा.

अक्का दुपारी आज्जीला त्यातली रात्र वाचून दाखवायची. तिचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, या पुस्तकातला मुलगा आईच्या हाताखाली घरातलं काम करतो, तिचे पाय चेपतो. असा मुलगा तुमच्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकात आहे का दाखव. तुझा तो फेणे कधी ताट उचलतो का? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. तिच्या वाट्याला घरातलं जे काम होतं, त्याच्याकडे पाहणारं पुस्तक तिला सापडलं होतं. मला माझं सापडलं होतं. ‘श्यामची आई’ आजही माझ्या आवडत्या पुस्तकांत नाही, आणि त्यामुळे सानेगुरुजींबद्दलचा आदर कणभरही कमी होत नाही. एका घरातल्या दोन मुलांना एकच पुस्तक असं उलटसुलट लागणं, याहून निरोगी दुसरं काही नाही. काळजी वाटावी ती जिथे सगळ्या मुलांना एकच पुस्तक आवडतं तिथे, कारण तिथे बहुधा एकच पुस्तक असतं.

पण ज्याला मनापासून नावडतं म्हणावं, तो प्रकार आणखी दुसरा. शाळेत बक्षीस मिळायची ती छोटी चरित्रं. नावं बदलायची, माणूस तोच. तो लहानपणापासून सत्य बोलायचा, पहाटे उठायचा, दिव्याखाली अभ्यास करायचा, आणि शेवटच्या पानावर आपण त्याच्यासारखं व्हायचं असायचं. त्याला कधी कैरी पाडायचा मोह झाला नाही, कधी राग आला नाही, कधी काही कळलं नाही असं झालं नाही. ही पुस्तकं मी शेवटपर्यंत वाचली, काही तर दोनदोनदा. दुसरं नव्हतं. त्यांच्यावर माझा आक्षेप कंटाळ्यापुरता नाही. ती माणसं खरोखर मोठी होती, आणि मोठी कशी झाली हेच त्या पुस्तकांनी मुलांपासून लपवलं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला आमच्याच गावाच्या गोष्टीत सापडलं. मराठी बालपुस्तकांत बीदरचं नाव मला एकाच ठिकाणी भेटायचं: दामाजीपंतांच्या गोष्टीत. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बादशहाच्या कोठारातलं धान्य भुकेल्यांना वाटून टाकलं, बीदरच्या बादशहानं त्यांना पकडून आणायला माणसं पाठवली, आणि ते पोचायच्या आत पंढरपूरचा विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन बीदरच्या दरबारात आला, पैसे भरले आणि पावती घेऊन गेला. महिपतींच्या ‘भक्तविजया’त ही कथा आहे आणि तिथून ती असंख्य गोष्टींच्या पुस्तकांत आली. बाकीच्या मराठी मुलांना यात बीदर म्हणजे दुष्ट राजाचं गाव. आम्हाला नाही. आम्हाला विठ्ठल कुठल्या दरवाजानं आत आला असेल हे ठरवायचं असे. काही पोरं शाहगंज दरवाजा म्हणायची, मी किल्ल्याचा गुंबद दरवाजा धरून बसायचो. विठ्ठल स्वतः चालत आला असं गाव पंढरपूरच्या मुलांकडेही नाही, असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगायचो. माळवदावर ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा मागितली गेली.

मोठा झाल्यावर कळलं, की ज्या विठ्ठलानं महाराचं रूप घेतलं त्याच्या देवळात महारांना १९४७ पर्यंत जाता येत नव्हतं. त्यासाठी सानेगुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि १० मेला, मंदिर खुलं करायचं मान्य झाल्यावर, त्यांनी ते सोडलं. भर उन्हाळ्यातले ते दहा दिवस. मला हे कुठल्याच बालपुस्तकानं सांगितलं नव्हतं. दामाजीच्या पुस्तकानं सांगितलं नाही, सानेगुरुजींच्या बक्षिसातल्या चरित्रात ते एका ओळीत उरकलं होतं. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असत्या तर दहा वर्षांच्या मुलालाही प्रश्न पडला असता: देव ज्याचं रूप घेतो त्यालाच देव बघू देत नाहीत, ते का? मुलाला एवढा प्रश्न झेपतो. तो लपवणाऱ्या पुस्तकाला मी आजही क्षमा करत नाही. ‘श्यामची आई’ मला आवडलं नाही, पण ते लिहिणाऱ्या माणसानं काय केलं ते कळल्यावर मला वाटलं, हा माणूस माझ्या माळवदावर यायला हवा होता. उपोषणाची ती गोष्ट मी रात्र रात्र सांगितली असती.

बीदरमध्ये पुस्तकांचा दुष्काळ असावा, हे मनाला फार लागतं. बहमनी वजीर महमूद गवाननं १४७२ मध्ये इथे मदरसा बांधला. निळ्यापांढऱ्या कौलांनी मढवलेला त्याचा एक मनोरा अजून उभा आहे. इराण, अरबस्तानातून विद्वान इथे येत आणि ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. औरंगजेबाच्या काळात तिथे साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग गेला. कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, त्याच्याही आधीचं विद्यापीठच. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ११२९ च्या सुमाराच्या ‘मानसोल्लासा’त मराठी गीताचे अंश सापडतात. मराठी या मातीत पाहुणी नाही. हा मुलूख वाचणाऱ्यांचा होता, आणि पुन्हा होऊ शकतो.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष भारत सासणे होते. मोठ्यांच्या कथांसाठी त्यांचं नाव, पण त्यांनी मुलांसाठीही मनापासून लिहिलंय. पुढे २०२४ मध्ये ‘समशेर आणि भूतबंगला’साठी त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. मी अक्काला आणि तिच्या नातीला घेऊन गेलो होतो. ऊन रणरणत होतं. पोरगी ग्रंथप्रदर्शनात शिरली ती बाहेर यायला तयार होईना. एवढी मराठी पुस्तकं तिनं एका जागी कधी पाहिली नव्हती. एका दुकानापाशी ती बराच वेळ खाली बसून वाचत राहिली. मी विचारलं, काय वाचायलीस गं? तिनं ‘तोत्तोचान’ वर धरून दाखवलं. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी जपानी शाळा, आणि नव्या मुलीचं बोलणं तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक. उदगीर-बीदर गाडीत वाढलेल्या मुलीला डब्यातल्या शाळेचं आकर्षण वाटणारच. अक्कानं तिच्यासाठी बोधकथांचं एक जाड पुस्तक हाती घेतलं होतं. पोरीनं चार पानं चाळली आणि परत दिलं. “आज्जी, हे नको. हे मला आवडंना.” अक्कानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पुस्तक जागेवर ठेवलं आणि म्हणाली, मग तू निवड. ती निवडत गेली, नको म्हणत गेली, आणि माझा जीव सुखावत गेला. आमच्या लहानपणी हे ‘नको’ तोंडातून निघालं नव्हतं.

आज काही वाटा उघड्या आहेत. ‘बालभारती’नं १९७१ पासून चालवलेल्या ‘किशोर’चे जुने अंक मोबाईलवर फुकट वाचायला मिळतात. कर्नाटक सरकारनं नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’ मोहीम सुरू केली आणि ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत ६ ते १८ वयाच्या मुलांना सदस्यत्व मोफत केलं. फार चांगलं काम आहे ते. खेड्यातल्या मुलासाठी दार उघडलं, खुर्ची मांडली. औराद, कमालनगर, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी बोलणारी गावं आहेत, मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, त्यांची पाठ्यपुस्तकं कर्नाटक सरकार मराठीत छापतं. त्या शाळांतली मुलं दुपारी याच ग्रंथालयांत येऊन बसू शकतात. तिथे कन्नड पुस्तकांशेजारी मराठीची एक भरगच्च फळी लागायला कुणाचा विरोध असेल असं मला वाटत नाही. एकच गोष्ट दोन्ही भाषांत असेल तर दुधात साखर.

म्हणून लातूर, उदगीर, सोलापूर, पुण्याच्या वाचकांना माझी विनंती आहे. या उन्हाळ्यात बीदर, भालकीकडे पाहुणे म्हणून याल, माणिकनगरला किंवा नरसिंह झिऱ्याला दर्शनाला याल, तेव्हा मुलांसाठी पुस्तकं आणा. वाटेतल्या गावच्या ग्रंथालयात द्या, नातलगांच्या पोरांना द्या. आणताना एक आणू नका, दहा आणा, आणि ती दहा तऱ्हांची असू द्या: धावपळीची, भुताची, रडवणारी, विज्ञानाची, चित्रांची. शिकवण देणारंच पुस्तक आणायचा मोह आवरा. मूल एखादं चाळून नको म्हणालं तर त्याला समजावत बसू नका. ते परत घ्या आणि दुसरं पुढे करा. आमच्याकडच्या शाळा मेअखेरीलाच उघडतात, तेव्हा त्याआधी या.